बसलं की विचार वाढतात, तरी रोज ध्यान कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर बैठं काम, संध्याकाळपर्यंत मान-खांदे आखडलेले, आणि रात्री पाठ टेकली की डोक्यात उद्याच्या कामांची यादी सुरू. ध्यानाने बरं वाटेल असं ऐकून मोबाइलवरच्या अ‍ॅपमधलं वीस मिनिटांचं सत्र लावून काही दिवस बसून पाहिलंत. शांत वाटायचं राहिलं बाजूला, विचार वाढले, पाठ दुखायला लागली, चिडचिड झाली आणि ते बंद पडलं. धार्मिक किंवा गूढ काही नकोय. शरीर-मन जरा सैल व्हावं एवढ्यापुरतं, रोज जमेल असं साधं ध्यान शिकायचंय. ते अ‍ॅप ठेवावं की काढून टाकावं हेही विचारलंय, आणि हा आपला प्रांतच नाही की काय अशी शंकाही आहे.

मी बरीच वर्षं नवशिक्यांना ध्यान शिकवते आहे. तुम्ही लिहिलंय तेच थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात सांगतो, तेव्हा ती शंका आधी काढून टाका. बसल्यामुळे विचार वाढत नाहीत. ते एरवीही तेवढेच असतात, पण हातात काम आणि डोळ्यांपुढे स्क्रीन असल्यामुळे त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोन हजारांहून अधिक लोकांना दिवसात अधूनमधून फोनवरून विचारलं जायचं, आत्ता काय करताय आणि मन त्याच कामात आहे का. सुमारे ४७ टक्के वेळा उत्तर आलं, मन दुसरीकडेच आहे. तुमच्या मनाचं काही वेगळं चाललेलं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनही हीच तक्रार करतो, मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे म्हणून. कृष्ण ती तक्रार आधी मान्य करतो आणि मगच अभ्यासाचं बोलतो. हा क्रम मला फार आवडतो.

तुमच्या प्रयत्नात मला दोन अडचणी दिसतात. आखडलेलं शरीर तसंच ठेवून तुम्ही थेट मनाला गप्प करायला गेलात, आणि पहिल्याच दिवशी वेळ फार मोठा घेतलात. तुम्हाला हवा आहे सैलपणा, आणि तो सर्वांत आधी शरीरात घडतो. ताणाच्या वेळी आपल्या स्वायत्त मज्जासंस्थेची 'लढा किंवा पळा' ही बाजू पुढे होते. हृदय जोरात चालतं, श्वास छातीत वरच्या वर राहतो, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. तिची दुसरी, निवांत करणारी बाजू हुकूम देऊन पुढे आणता येत नाही. 'शांत हो' असं कितीदाही बजावलं तरी हृदय ऐकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि थोडाफार आपल्या म्हणण्यातही राहतो. म्हणून सुरुवात तिथून करायची.

हे नुसतं वाचून सोडू नका, आत्ताच करून पाहा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा. ठोका सापडला की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास आत येताना ठोके किंचित घाईने पडतात, बाहेर जाताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुणांमध्ये हा फरक जास्त असतो आणि वयानुसार कमी होत जातो, त्यामुळे बोटांना कळला नाही तर काळजी करू नका. मेंदूच्या तळापासून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी ठेवते, आणि उच्छ्वासाच्या वेळी तिचा प्रभाव वाढतो. म्हणून मी कुणालाही 'खोल श्वास घ्या' असं सांगत नाही, 'लांब सोडा' असं सांगते. खोल खोल श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि आधीच धास्तावलेल्या माणसाला वाटतं, ध्यानाने आपल्याला भलतंच काहीतरी झालं.

ध्यानात शरीर खरंच निवांत होतं का, हे मोजून पाहिलेलं आहे. १९७० च्या सुमारास रॉबर्ट कीथ वॉलेस आणि हार्वर्डमधले हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी मंत्रध्यान करणाऱ्यांवर मोजमापं घेतली. बसल्यावर त्यांचा प्राणवायूचा वापर आणि श्वासाची गती खाली येत होती. पुढे बेन्सन यांनी मांडलं की त्यासाठी ठरावीक मंत्र किंवा ठरावीक श्रद्धा लागतेच असं नाही. एखादा शब्द, आवाज, श्वास किंवा हालचाल पुन्हा पुन्हा धरायची, आणि दुसरं काही मनात आलं की त्याच्याशी न झगडता पुन्हा तिथे वळायचं, एवढं पुरतं. नाम घेणारा नामावर हे करतो, तुम्ही श्वासावर करा.

आता बसायचं कसं ते. मांडी घालून बसण्याचा हट्ट नको, खुर्ची चांगली. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कंबरेपेक्षा किंचित खाली असले पाहिजेत. खुर्ची उंच पडत असेल तर पायाखाली पाट किंवा जाड पुस्तक घ्या. पाठ टेकवली नाही तर उत्तम, पण दुखत असेल तर कंबरेमागे छोटी उशी ठेवून टेका, त्यात काही कमीपणा नाही. हात मांडीवर ठेवताना गुडघ्यांकडे ताणू नका, कंबरेच्या जवळ ठेवा. हात पुढे गेले की खांदे पुढे ओढले जातात आणि दहा मिनिटांनी पाठीच्या वरच्या भागात कळ येते. तुमची पाठ यामुळेही दुखली असेल. हनुवटी जरा आत घ्या. जमिनीवरच बसायचं असेल तर बुडाखाली घडी केलेलं पांघरूण घ्या, म्हणजे गुडघे खाली येतात आणि कंबर मागे गोल होत नाही. डोळे मिटावेत, पण मिटल्यावर बेचैनी होत असेल तर अर्धवट उघडे ठेवून समोर दोन-तीन हातांवर जमिनीकडे नजर सोडून द्या. झेन परंपरेत तसंच बसतात.

वेळ कोणती? पहाटेची चांगली, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, कारण तोवर दिवसाने आपल्याला ओढलेलं नसतं. तुमचं आखडणं मात्र संध्याकाळचं आहे, म्हणून मी तुम्हाला काम संपल्यावर लगेच बसायला सांगेन. लॅपटॉप बंद केला की उठायचं, हात-तोंड धुवायचं आणि बसायचं. कामाचा शेवट आणि बाकीची संध्याकाळ यांच्या मधली ही पाच मिनिटं. भरपेट जेवणानंतर लगेच बसू नका, झोप येईल. फोन फ्लाइट मोडवर टाका, मंद आवाजाचा गजर लावा आणि तो हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवा. किती वेळ झाला हे डोळे उघडून पाहायची इच्छा तिसऱ्या मिनिटाला हमखास होते.

पहिलं मिनिट शरीराला द्या. श्वास घेताना खांदे कानांकडे उचला, तिथे क्षणभर आवळून धरा आणि श्वास सोडताना एकदम सोडून द्या. असं तीनदा. मग मुठी आवळा, सोडा. दात-जबडा हलकेच आवळा, सोडा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही आवळा-आणि-सोडा पद्धत विकसित केली. कितीतरी माणसांना आपण आवळलेलो आहोत हेच ठाऊक नसतं, आणि मुद्दाम आवळून सोडलं की दोन्हींतला फरक अंगाला कळतो. जबड्याकडे विशेष लक्ष द्या. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. स्वतः अगदी निवांत बसलोय असं सांगायचे, पण त्यांच्या कानापुढचा स्नायू सारखा उडताना मला समोरून दिसायचा. त्यांना एवढंच म्हटलं, दात एकमेकांना टेकू देऊ नका, जीभ टाळूवरून सैल सोडा. दोन-चार श्वासांत त्यांचे खांदे आपोआप बोटभर खाली आले. त्यानंतर बसल्याबरोबर ते आधी जबडा तपासायचे.

मग सहा ते आठ लांब उच्छ्वास. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. एक श्वास साधारण दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी मोठी माणसं मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतात. चार-सहा जड जात असेल तर तीन-पाच करा. छाती फुगवायची नाही, श्वास कोंडून धरायचा नाही, आवाज करायचा नाही. बाहेर जाणारा श्वास शेवटी आपला आपण संपू दे.

इथून पुढचं ध्यान. मोजून श्वास घेणं बंद करा, तो हवा तसा चालू दे. छोटा असला तर छोटा, अडखळत असला तर अडखळत. लक्ष एकाच जागी ठेवा. नाकपुड्यांच्या कडेला आत येणारी हवा किंचित गार आणि बाहेर जाणारी कोमट लागते, ती जागा. तिथे काहीच जाणवत नसेल तर बेंबीच्या जरा वर, पोट उठतं आणि बसतं तिथे. एका बैठकीत जागा बदलू नका. प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी मनात एक आकडा म्हणा, एक ते दहा, आणि दहा झाले की पुन्हा एकपासून. आकडा विसरलात तर एकपासून. आणि कधी तरी तुम्ही चौदावर पोचलेले असाल. ही गंमत फार उपयोगी आहे, कारण मोजणी आपोआप चालू राहिली आणि तुम्ही भलतीकडेच होतात हे त्यावरून कळतं. तेव्हाही एकपासून.

बहुतेकांचं अडतं ते इथे. श्वास बघायला सांगितला की माणूस श्वास चालवायला लागतो, आणि मग तो कृत्रिम होतो, छाती जड होते. अशा वेळी मी गाण्यातलं उदाहरण देते. गवयामागे तंबोरा चालू असतो. गवई तो वाजवत नाही, त्याला तो सुरू करावा लागत नाही. गाता गाता कान तिकडे देतो आणि सूर पुन्हा सापडतो. श्वास तसाच मागे चाललेला आहे, तुम्ही नुसता कान द्या. एवढ्यानेही जमलं नाही तर श्वास पूर्ण सोडून द्या आणि तळपायांना जमिनीचा स्पर्श कुठे कुठे होतोय ते पाहा: टाच, बाहेरची कड, अंगठ्याखालचा फुगवटा. काही जणांसाठी हीच कायमची जागा ठरते आणि त्यात काही उणं नाही.

आता त्या क्षणाकडे येते, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. समजा, तुमची मोजणी चालू आहे. तीन. श्वास आत. चार. ती फाइल पाठवली का? पाठवली. पण त्यात जुनाच आकडा राहिला असेल तर? मग तो आकडा, मग साहेबांचा चेहरा, मग मागे कधीतरी ते सर्वांसमोर बोललेलं एक वाक्य, मग त्या वाक्याला द्यायला हवं होतं ते उत्तर. आणि अचानक लक्षात येतं, अरे, आपण ध्यानाला बसलोय.

हे लक्षात येणं प्रयत्न करून घडवता येत नाही, ते आपलं आपण घडतं. त्यानंतरचा एक सेकंद मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. बहुतेक माणसं त्या सेकंदात स्वतःवर ओरडतात: परत गेलास ना, जमणारच नाही तुला. त्याबरोबर कपाळाला आठी पडते, दात मिटतात, श्वास अर्ध्यावर थांबतो. विचाराने जेवढा ताण दिला नसेल तेवढा ही चिडचिड देते. तुम्ही लिहिलेली चिडचिड हीच. म्हणून त्या सेकंदात काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. मनात 'विचार' एवढाच शब्द म्हणा, जबडा सोडा, पुढचा उच्छ्वास जाऊ द्या आणि म्हणा, एक. मघाचा विचार पुरा करायचा नाही, कुठून सुरू झाला याचा माग काढायचा नाही, स्वतःची समजूतही घालायची नाही. पाच मिनिटांत असं तीसदा झालं तर तीसदा परतलात. माझ्या दृष्टीने ती उत्तम बैठक. मन विचारशून्य करा, अशी सूचना नवशिक्याला मुळीच देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिच्यामुळे चांगली चांगली माणसं आठवड्याभरात सोडून जातात आणि वर दोष स्वतःला देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गजर झाला की ताडकन उठू नका. बोटं हलवा, डोळे उघडून समोरची एखादी वस्तू नीट पाहा आणि मग उभे राहा.

किती दिवसांनी सवय लागेल, हे लोक विचारतातच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधला २०१० सालचा एक अभ्यास सांगतो की नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक तो आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नका, पाचच मिनिटं बसा. दोन आठवडे पाच, मग जमेल तसं सात, दहा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत रुग्णांसाठी जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात घरचा सराव रोज पाऊण तासाच्या घरात असायचा. दीर्घ दुखण्याने बेजार झालेल्यांसाठी तो होता आणि मार्गदर्शक सोबत असायचे. तुमची गरज वेगळी आहे. दहा-बारा मिनिटांवर स्थिरावलात तरी पुष्कळ, आणि कधीही वाढवताना एका आठवड्यात दोन-तीन मिनिटांहून जास्त वाढवू नका.

झोप येत असेल तर आधी रात्रीची झोप पुरेशी होते का ते पाहा. अपुऱ्या झोपेचं शरीर शांत जागा मिळाली की झोपणारच. ती पुरेशी असूनही पेंगत असाल तर डोळे अर्धवट उघडे ठेवा, पाठ टेकू नका, वाटल्यास उभ्याने करा. पायाला मुंग्या आल्या तर नसेवर दाब पडलाय एवढाच त्याचा अर्थ, पाय बदला. सहन करत बसण्यात कसलंही पुण्य नाही. खाज सुटली तर तीन श्वास थांबून पाहा, गेली नाही तर खाजवा. घरात आवाज असतील तर असू देत, कान बंद करायची धडपड जास्त थकवते.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. काही लोकांना सैल सोडल्यावरच भीती वाटायला लागते. छातीत धडधड, गुदमरल्यासारखं, डोळे मिटले की जुनं काही डोळ्यांपुढे येणं. हा खराखुरा अनुभव आहे आणि संशोधकांनी त्याची १९८० च्या दशकापासून नोंद घेतली आहे. असं झालं तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, खोलीतल्या वस्तूंची नावं मनात घ्या, उठून चाला. पुढच्या वेळी श्वासाऐवजी तळपायांवर लक्ष ठेवा किंवा संथ चालत प्रत्येक पावलाचा स्पर्श पाहा, तेही ध्यानच आहे. पूर्वी मोठा आघात झालेला असेल, पॅनिकचे झटके येत असतील, किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोला आणि माहीतगार माणसाच्या देखरेखीखाली शिका. अनेक दिवसांच्या मौन शिबिराला तर अशा अवस्थेत मुळीच जाऊ नका. आणि ध्यान सुरू केलं म्हणून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. मान-खांद्यांचं दुखणं हातात उतरत असेल, बधिरपणा येत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवा, तो ध्यानाचा विषय नाही.

ध्यानाचा किती उपयोग होतो याबद्दल फुगवून सांगणारे फार आहेत, म्हणून एक मोजमाप देते. २०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ४७ चाचण्या, म्हणजे सुमारे साडेतीन हजार माणसं, एकत्र तपासून पाहिल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. व्यायाम किंवा औषधांसारख्या उपायांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. मला हा निष्कर्ष रास्त वाटतो. तुमचं आखडणं दिवसभर एकाच स्थितीत बसल्याने आलेलं आहे, तेव्हा तासातासाने उठणं आणि रोज थोडं चालणं हे ध्यानाच्या बरोबरीने हवं. संध्याकाळी आधी वीस मिनिटं चालून आलात आणि मग बसलात तर बैठक किती सोपी जाते ते स्वतःच पाहा.

रात्रीची यादी हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर ध्यानाचा मारा करू नये. झोप यावी म्हणून ध्यान करायला लागलं की दर दोन मिनिटांनी मन विचारतं, आली का? आणि झोप पळते. त्या यादीला कागद द्या. बेलर विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिणारे लोक, झालेल्या कामांची नोंद लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर आली. 'प्रकल्पाचं बघणे' असं लिहू नका, 'सकाळी आधी तक्त्यातला तिसरा आकडा तपासणे' असं लिहा. मग पडल्यावर पायाच्या बोटांपासून सुरू करून एकेका भागाकडे लक्ष न्या: तळवा, घोटा, पोटरी, गुडघा. प्रत्येक ठिकाणी एक लांब उच्छ्वास, आणि तो भाग गादीवर टाकून द्या. मांडीपर्यंत पोचलात आणि पुढचं काही आठवत नाही, असं झालं तर छानच. वीसेक मिनिटं गेली आणि टक्क जागे असाल तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, झोप दाटली की परत या. बिछान्यात तळमळत राहण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. आणि निद्रानाश महिनोन्महिने चालू असेल तर त्यावर खास उपचार आहेत, ते घ्या.

फरक पडतोय हे कसं कळेल? बैठक शांत झाली की नाही यावरून ठरवू नका. काही बैठका गोड होतील, काही बाजारासारख्या, आणि त्याचं कारण बहुतेकदा सापडत नाही. दिवसाकडे पाहा. काम करता करता मधेच खांदे कानाशी आलेत हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही ते खाली सोडलेत. कुणाचा तिरकस मेसेज आला आणि उत्तर टाइप करण्याआधी एक श्वास मधे पडला. रात्री यादी सुरू झाली आणि तिसऱ्याच कामावर 'विचार' असं मनात उमटलं. पहिले तीन-चार आठवडे एवढंच दिसेल, आणि बहुतेकदा ते तुमच्याआधी घरच्यांना दिसेल. बैठकीत शिकलेला परतीचा तो एक सेकंद असा बाहेर येतो. तो यावा म्हणून दिवसात दोन-तीन ठरावीक जागा बांधून ठेवा: फोन उचलण्याआधी एक लांब उच्छ्वास, नवी मीटिंग सुरू होण्याआधी एक, घराचं दार उघडण्याआधी एक.

राहिलं ते अ‍ॅप. काढून टाकायची गरज नाही. पहिले आठ-दहा दिवस सूचना ऐकत बसायला त्याचा उपयोग होतो, फक्त वीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांचं सत्र निवडा. नंतर मात्र आवाज बंद करून नुसता त्याचा गजर वापरा. कुणी सतत 'आता श्वासाकडे परत या' असं सांगत राहिलं की आठवण करून देण्याचं काम ते करतं, आणि तेच तर तुम्हाला शिकायचंय. संगीताचंही तेच, सुरावटीत मन रमतं आणि रमणं सुखाचंही असतं, पण ते ऐकणं वेगळ्या वेळी ठेवा. सलग इतके दिवस झाले म्हणून अ‍ॅप जी पदकं आणि आकडे दाखवतं, त्यांच्या सूचना मात्र आजच बंद करा. एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर आला की निराश होऊन बसणंच सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन आठवडे असं करून बघा आणि मग काय अडलं ते कळवा: श्वास, पाठ, झोप की बेचैनी. त्याप्रमाणे पुढचं सांगता येईल.